बारावीनंतर सैन्यात जायचंय? आधी जन्मतारीख काढा

एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा असते हे मला कळलं तेव्हा माझं वय एकोणीस वर्षं आठ महिने होतं. वयाची मर्यादा साडेएकोणीस. ही प्रबोधिनी जिथे आहे ते खडकवासला आमच्या गावापासून एसटीने तीन तासांवर आणि भावकीतली सात माणसं फौजेत, पण त्या सातांपैकी एकालाही बारावीनंतर थेट अधिकारी होता येतं हे ठाऊक नव्हतं. ते सगळे शिपाई म्हणून भरती झाले, सुभेदारापर्यंत गेले, पेन्शन घेऊन घरी आले. त्यांनी मला तेच दार दाखवलं जे त्यांनी पाहिलं होतं.

आज मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो आणि तिथली एनसीसी सांभाळतो. अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशी नावं असलेल्या या पट्ट्यात पोरांना सोळाशे मीटर कसं मारायचं हे सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते दुसरंच: दारं एकापेक्षा जास्त आहेत, आणि ती सगळी एकाच दिवशी बंद होत नाहीत.

आधी दोन दारं ओळखा

सैन्यात शिरण्याचे मार्ग वीसेक असतील, पण बारावीच्या पोरासाठी मूळ प्रश्न एकच: अधिकारी म्हणून जायचं की जवान म्हणून.

अधिकारी म्हणजे एनडीएतून तीन वर्षं आणि त्यापुढे भूदलासाठी डेहराडूनला एक वर्ष घालवून बाविशीच्या आसपास लेफ्टनंट होणारा. त्याच्या हाताखाली पहिल्याच पोस्टिंगला तीसेक माणसं असतात, त्यातली निम्मी वयाने त्याच्यापेक्षा मोठी. मूळ पगार ५६,१०० रुपये, वर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि महागाई भत्ता. अकादमीतलं शिक्षण, राहणं, जेवण हा खर्च सरकारचा, आणि पदवी जेएनयूची.

जवान म्हणून जायचं तर जून २०२२ पासून एकच रस्ता आहे, अग्निवीर. चार वर्षांची सेवा, त्यानंतर प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम.

यातलं एक उच्च आणि दुसरं नीच असं मी मानत नाही. माझे काका हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि तालुक्यात त्यांच्याइतका मान कुणाला नाही. पण कामं वेगळी, परीक्षा वेगळ्या, तयारी वेगळी. 'आर्मीत जायचंय' एवढंच म्हणणारा पोरगा सहसा चुलत्याने दाखवलेल्या रांगेत उभा राहतो, आणि दुसरी रांग होती हे त्याला माझ्यासारखं उशिरा कळतं.

पायरी पहिली: जन्मतारीख आणि कागद-पेन

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. एप्रिलच्या परीक्षेचा अभ्यासक्रम पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या वर्षी जुलैत. तो सुरू होतो त्या दिवशी तुमचं वय साडेसोळा ते साडेएकोणीसमध्ये हवं. परीक्षेच्या दिवशीचं वय धरायचं नाही. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

एक उदाहरण घेऊ. मुलाचा जन्म १५ ऑगस्ट २००८, बारावीची परीक्षा फेब्रुवारी २०२६. बारावीत शिकत असलेल्याला अर्ज भरता येतो, अकरावीतल्याला नाही. म्हणजे त्याला मिळणाऱ्या संधी अशा: सप्टेंबर २०२५, एप्रिल २०२६, सप्टेंबर २०२६ आणि एप्रिल २०२७. त्यानंतरच्या परीक्षेचा अभ्यासक्रम जुलै २०२८ चा, तेव्हा तो जवळजवळ वीस वर्षांचा. दार बंद.

एकूण चार संधी. पण 'आधी बारावी होऊ दे, मग बघू' म्हणत निकालानंतर, म्हणजे मे महिन्यात जागा झाला, तर त्यातल्या दोन आधीच गेलेल्या असतात.

याच मुलाचं अग्निवीरचं वय साडेसतराला सुरू होतं आणि साधारण एकविशीपर्यंत चालतं. म्हणजे एनडीएचं दार आधी मिटतं, अग्निवीरचं नंतर. माझा सल्ला त्यामुळे सरळ आहे: जे दार आधी मिटणार ते आधी वाजवा. आणि दोन्हीचे अर्ज एकाच वर्षी भरायला कुणाची मनाई नाही. पदवीनंतर सीडीएस ही यूपीएससीची परीक्षा आणि हवाई दलासाठी एफकॅट ही अधिकारी होण्याची आणखी दोन दारं आहेतच, पण ती तीन वर्षांनी उघडतात.

जाहिरातीत वयाऐवजी जन्माच्या दोन तारखा छापलेल्या असतात: अमुक तारखेआधी नाही, तमुक तारखेनंतर नाही. त्या दोन तारखाच खऱ्या. माझ्या या लेखापेक्षाही.

पायरी दुसरी: विषय आणि जेईईचा अर्ज

एनडीएत भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. कला शाखेची मुलं हे ऐकून चमकतात. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. लेखी परीक्षेतला गणिताचा पेपर सगळ्यांना सारखाच, त्यामुळे कलावाल्याला ते गणित वेगळं शिकावं लागतं. अशक्य नाही. जड आहे.

आता महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास चूक. भूदलाची टेक्निकल एंट्री आणि नौदलाची बारावीनंतरची बी. टेक. एंट्री या दोन्हीत स्वतंत्र लेखी परीक्षा नसते. जेईई मेनच्या गुणांवरून थेट मुलाखतीचं बोलावणं येतं. भूदलासाठी बारावीत पीसीएमला ६० टक्के, नौदलासाठी ७० टक्के. सरकारी खर्चाने इंजिनीअर आणि अधिकारी, दोन्ही. आपली मुलं काय करतात? 'आपल्याला कुठं आयआयटीला जायचंय' म्हणून फक्त राज्याची सीईटी देतात. जेईई दिलीच नाही, तर बारावीला ९० टक्के असूनही हे दार उघडत नाही. तेव्हा बारावीच्या दिवाळीच्या सुमाराला जेईई मेनचा अर्ज भरून टाका.

जीवशास्त्रवाल्यांसाठी पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. तिथे नीटच्या गुणांवरून बोलावतात. मुलींना लष्करी नर्सिंगची बी. एस्सी.सुद्धा नीटमधूनच मिळते.

पायरी तिसरी: एनडीएची लेखी

पेपर दोन, प्रत्येकी अडीच तास. गणित १२० प्रश्न, ३०० गुण. सामान्य क्षमता १५० प्रश्न, ६०० गुण. त्यात इंग्रजी २०० गुणांचं, उरलेलं विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात.

मुलं घाबरतात ती आकड्यांना. म्हणून फळ्यावर मी हा हिशेब मांडतो. समजा गणितात ४५ प्रश्न सोडवले, ३५ बरोबर, १० चुकले. साडेसत्याऐंशीतून साधारण आठ वजा, म्हणजे ७९. दुसऱ्या पेपरात ८५ सोडवले, ६५ बरोबर, २० चुकले. २६० मधून २७ वजा, म्हणजे २३३. बेरीज ३१२. गेल्या काही वर्षांत लेखीची कट-ऑफ ९०० पैकी २९० ते ३६० च्या दरम्यान फिरली आहे. म्हणजे २७० प्रश्नांपैकी शंभर बरोबर आणि तीसच चूक, एवढ्यावर माणूस काठावर पोचतो. मात्र प्रत्येक पेपरात किमान गुणांची अट वेगळी असते, त्यामुळे गणित सोडून देऊन चालत नाही.

तयारी बारावीच्या पुस्तकांवर करा. त्रिकोणमिती, सारणिक, सदिश, संभाव्यता आणि कलन एवढं पक्कं हवं. मागच्या दहा प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. घड्याळ लावून सोडवा आणि नंतर प्रत्येक चुकीसमोर कारण लिहा: आलं नाही, की घाई झाली, की तुक्का होता. तुक्क्यांची संख्या बघूनच बरेच जण शहाणे होतात. इंग्रजीसाठी रोज एका इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचा. मोठ्याने का, ते पुढच्या पायरीत.

पायरी चौथी: एसएसबीचे पाच दिवस

लेखी ९०० गुणांची, एसएसबी म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखतही ९०० गुणांची. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू, जालंधर अशा ठिकाणी पाच दिवस राहायचं. पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं परत मिळतं.

पहिल्या दिवशी चाळणी. बुद्धिमत्ता चाचणी, आणि एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात. मग पंधराएक जणांच्या गटात ती गोष्ट सांगायची आणि चर्चा करायची. दुपारी निकाल, आणि निम्म्याहून जास्त पोरं संध्याकाळच्या गाडीने घरी. आपली मुलं इथेच गळतात, आणि इंग्रजी येत नाही म्हणून गळतात असं सगळ्यांना वाटतं. माझं निरीक्षण वेगळं आहे. ती गप्प बसतात म्हणून गळतात. चर्चेत दोन मोडकीतोडकी पण मुद्द्याची वाक्यं बोलणारा थांबतो, मनातल्या मनात व्याकरण तपासत बसणारा परततो. मोठ्याने वाचायचं ते यासाठी. स्वतःचा इंग्रजीतला आवाज स्वतःच्याच कानाला परका वाटता कामा नये.

दुसरा दिवस मानसशास्त्राचा. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. मग साठ शब्द, प्रत्येक शब्दाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग तीस मिनिटांत साठ प्रसंग: तुम्ही अमुक अडचणीत आहात, काय कराल? शेवटी स्वतःविषयी लिहायचं, आईवडील, शिक्षक आणि मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात ते.

क्लासवाले यासाठी तयार वाक्यं पाठ करून घेतात. आमच्या एका विद्यार्थ्याने वही आणून दाखवली. 'पाणी' या शब्दापुढे 'पाणी म्हणजे जीवन' असं इंग्रजीत पाठ केलेलं. मी विचारलं, तुझ्या गावात पाण्याचं काय आहे रे? म्हणाला, "सर, उन्हाळ्यात टँकर येतो. रांगेवरून भांडणं व्हायची. मग मी घरटी नंबर लिहून चिठ्ठ्या केल्या." आता यातलं कुठलं वाक्य त्याचं स्वतःचं? साठ शब्द पंधरा सेकंदांनी आदळायला लागले की पाठांतर दहाव्या शब्दाला संपतं आणि माणूस उघडा पडतो. म्हणून आधी जगलेलं काहीतरी हवं. शाळेची ट्रिप ठरवलेली असू दे, गणपती मंडळाचा हिशेब ठेवलेला असू दे, घरी गोठा सांभाळलेला असू दे.

पुढचे दोन दिवस मैदानावर. गटाने फळ्या, दोर आणि पिंपं वापरून अडथळे पार करायचे, एकट्याने अडथळ्यांची शर्यत, तीन मिनिटांचं भाषण, इतरांना हाताखाली घेऊन एक काम तडीस नेणं. इथे आरडाओरडा करून नेतेगिरी करणारा मागे पडतो. ज्याला दोर बांधता येत नाही त्याला पुढे होऊन गाठ मारून देणारा दिसतो. याच दिवसांत केव्हातरी मुलाखत होते. तिची एक खासियत सांगून ठेवतो: अधिकारी एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतात. दहावीत किती, बारावीत किती, आवडते शिक्षक कोण आणि का, नावडते कोण, मोकळ्या वेळात काय करता, घरात कुणाशी जास्त जमतं... सगळं ऐकून क्रमाने उत्तर द्यायचं. घरी ताईला किंवा आत्याला समोर बसवून याचा सराव करा. गंमत वाटते, पण तिसऱ्या वेळेपासून फरक पडतो.

पाचव्या दिवशी सगळ्या परीक्षकांसमोर दोन-चार मिनिटं, आणि निकाल.

आपल्या राज्यात याची फुकट सोय आहे आणि फार कमी जणांना ती ठाऊक असते. सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिकला आहे. एनडीएची लेखी पास झालेल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तिथे एसएसबीचं शिक्षण, राहणं आणि जेवण मोफत मिळतं. अर्ज आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायचा. पुण्यातल्या क्लासला पन्नास हजार भरण्याआधी तिथे जाऊन या.

पायरी पाचवी: अग्निवीर

अग्निवीरची जाहिरात वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत येते. महाराष्ट्रात भूदलाची भरती कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. आमचा सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अख्खा गोवा कोल्हापूरच्या अखत्यारीत. तुमचा जिल्हा कुणाकडे आहे ते पाहूनच अर्ज भरा.

जनरल ड्युटीसाठी दहावी ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. क्लार्कसाठी बारावी ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०. टेक्निकलसाठी बारावी विज्ञान. बारावी झालेला पोरगा सवयीने जनरल ड्युटीचाच अर्ज भरतो. टायपिंग येत असेल आणि गुण असतील तर क्लार्कचा का नाही?

२०२३ पासून क्रम बदलला आहे. आधी ऑनलाइन लेखी, मग मैदान. जनरल ड्युटीला एका तासात ५० प्रश्न, १०० गुण, चुकीला अर्धा गुण वजा, आणि हा पेपर मराठीतही देता येतो. पूर्वी मैदान मारलं की निम्मी लढाई जिंकल्यासारखं असायचं. आता मैदानापर्यंत पोचायलाच अभ्यास लागतो, आणि शेवटच्या मेरिटमध्ये लेखी आणि मैदान दोन्ही धरतात. हे न समजलेली मुलं अजूनही वर्षभर नुसती पळतात.

मैदानाचं गणित असं. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर ६० गुण. दहा पुल-अप्सना ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी बीम फक्त पार करायचे, गुण नाहीत. उंची आपल्याकडच्या जनरल ड्युटीला १६८ सेंटिमीटर, क्लार्कला १६२. छाती ७७, फुगवून ८२.

साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येकी ८२ सेकंद. शाळेचं मैदान दोनशेचं असेल तर आठ फेऱ्या, प्रत्येकी ४१. हा आकडा अंगात मुरायला हवा. नवखा पोरगा पहिली फेरी सत्तरमध्ये मारतो, टाळ्या घेतो आणि तिसरीत मरतो. मी मुलांना पहिले चार आठवडे सोळाशे पळूच देत नाही. आठवड्यातून तीन दिवस तीस-चाळीस मिनिटं, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा वेगाने. पाचव्या आठवड्यापासून एक दिवस चारशेच्या सहा फेऱ्या, ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. सहाही जमल्या की विश्रांती दीड मिनिट, मग एक. बाराव्या आठवड्यात सोळाशे आपोआप बसतं. डांबरी रस्त्यावर, त्यातही पहाटे हायवेच्या कडेने पळू नका. नडगी दुखायला लागते, आणि अंधारात वाहनाला तुम्ही दिसत नाही. शेताची मातीची वाट बरी.

पुल-अप्स हा आमच्या पट्ट्याचा दुखरा भाग. पळण्यात ६० घेतलेला पोरगा बीमवर सहा मारून सोळाच गुण घेतो आणि मेरिटमधून उडतो. दहाचे ४०, नऊचे ३३, म्हणजे शेवटचा एक पुल-अप सात गुणांचा. हात पूर्ण सरळ, हनुवटी बीमच्या वर, झोका नाही. सुरुवातीला एकही येत नसेल तर स्टुलावरून वर चढा आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली या. रोज थोडे, एका दमात नाही: सकाळी जाता-येता दोन-दोन, दिवसभरात वीस. गावातल्या तालमीत बीम असतोच.

आता पैसे, कारण घरात हाच प्रश्न आधी निघतो. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००, भत्ते वेगळे. सरकार तेवढीच भर टाकतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार, त्यावर आयकर नाही. ४८ लाखांचा विमा आहे. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही.

मी पालकांसमोर हे असंच बोलतो, गोडवा न लावता. चार वर्षांनी चारातले तीन परत येणार. भूदलातल्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागली. 'एकदा चिकटला की चिकटला' हे आजोबांच्या वेळचं गणित आता लागू नाही. मग जायचं का? घरची ओढाताण आहे, पोरगा अंगाने कणखर आहे, आणि बावीस-तेवीसाव्या वर्षी परत येऊन पुढे काय करायचं याचा विचार आहे, तर जरूर. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखीव आहेत, राज्याच्या पोलीस भरतीचं वय तेव्हा शिल्लक असतं, आणि इग्नूतून पदवी हातात घेऊन आला तर सीडीएसही देता येते. विचार नसेल, आणि बारा लाखांची गाडी घेऊन दारात लावायची असेल, तर मात्र परत आल्यावर सातव्या महिन्यात तोच पोरगा माझ्याकडे येईल.

नौदल आणि हवाई दलाचे अग्निवीर वेगळे, अर्जही वेगळे. हवाई दलाचं प्रशिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याला, नौदलाचं ओडिशात चिल्काला. उंचीची अट तिथे कमी आहे: हवाई दलाला १५२ सेंटिमीटर. भूदलात उंचीने मागे पडलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पायरी सहावी: मेडिकल, तेही आत्ताच

मैदान मारून, मेरिटच्या उंबऱ्यावर येऊन कानातल्या मळामुळे थांबलेला पोरगा मी पाहिला आहे. तो मळ काढायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरला पाच मिनिटं लागली. पण तोवर त्याला 'तात्पुरता अपात्र' ठरवून पुन्हा तपासणीला दूरच्या लष्करी रुग्णालयात जायला सांगितलं होतं. त्या फेरीत तो पास झाला खरा. त्या महिन्यात त्याचं चार किलो वजन उतरलं.

अर्ज भरायच्या आधीच गावातल्या चांगल्या डॉक्टरकडून एवढं बघून घ्या: कान, दात, दोन्ही डोळ्यांची नजर, रंगांधळेपणा, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना टेकतात का, पायांवर फुगलेल्या शिरा, अंडकोषाभोवतीची सूज, वाढलेलं वजन. यातल्या काही गोष्टी छोट्या शस्त्रक्रियेने बऱ्या होतात, पण जखम भरायला वेळ लागतो. रंगांधळेपणा बरा होत नाही. तो असेल तर कोणती पदं उघडी आहेत ते आधी पाहा, दोन वर्षं पळून मग कळायला नको.

आणि गोंदण. जत्रेत दंडावर राजमुद्रा गोंदवून घेणाऱ्यांना मी दरवर्षी ओरडतो. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढीच जागा चालते, आदिवासी समाजाच्या परंपरेला सवलत आहे. दंड, छाती, मान: नाही.

अपात्र ठरलात तर अपील करता येतं. मुदत कागदावर लिहिलेली असते. त्या कागदाचा फोटो काढून लगेच घरी पाठवा, नाहीतर रडारडीत तो हरवतो.

पायरी सातवी: कागदपत्रं आणि दलाल

दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बारावीचं नाव एकच हवं. 'दत्तात्रय' आणि 'दत्ता' या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत असं सैन्य मानतं. आईच्या नावाचं स्पेलिंगही जुळवा. अधिवास दाखला, जातीचा दाखला, शाळेचा आणि सरपंचांचा चारित्र्याचा दाखला, फोटो लावलेला अविवाहित असल्याचा दाखला, एनसीसीचं प्रमाणपत्र (त्याचे जादा गुण मिळतात), अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती. दाखल्यांना ठरावीक मुदत असते, त्यामुळे फार आधीही काढू नका. अधिवासासाठी मात्र तहसीलला एक महिना हाताशी ठेवा.

दलालाचा धंदा कसा चालतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही. तो दहा पोरांकडून पैसे आणि मूळ कागद घेतो. करत काहीच नाही. दहातली तीन स्वतःच्या बळावर लागतात. त्या तिघांचे पैसे तो ठेवतो, सातांचे परत करतो, आणि ते सात जण गावभर सांगतात, "माणूस प्रामाणिक आहे, काम नाही झालं तर पैसे परत देतो." मूळ दहावीचं प्रमाणपत्र कुणाच्याही हातात देऊ नका, अकॅडमीवाल्याच्याही.

मुलींसाठी दोन शब्द जास्त

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. मे २०२५ मध्ये खडकवासल्यातून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. जागा अजून थोड्या आहेत, त्यामुळे मुलींनी कट-ऑफच्या बरंच वर राहायची तयारी करावी. अर्जाला शुल्क नाही. भूदलात अग्निवीर म्हणून मुली लष्करी पोलिसात जातात: उंची १६२, सोळाशे मीटरला पूर्ण गुणांसाठी साडेसात मिनिटं. नौदल आणि हवाई दलाचे अग्निवीरही मुलींना खुले आहेत.

आमच्या कॉलेजातल्या एका मुलीचे वडील मला म्हणाले, "सर, पळू दे तिला, पण पहाटे एकटी नको." मी म्हटलं, "दादा, मग तुम्ही सायकल घेऊन या." आले. तीन महिने सायकलवरून घड्याळ धरून बसायचे. आता तिच्यापेक्षा त्यांनाच फेऱ्यांचे सेकंद जास्त पाठ आहेत.

मधल्या वर्षात काय

एनडीएचा अर्ज ते खडकवासल्याचा दरवाजा यात साधारण वर्ष जातं. या काळात घरी बसू नका. पदवीला प्रवेश घ्या, जमल्यास एनसीसी असलेल्या कॉलेजात. 'फक्त भरतीची तयारी' करणारा पोरगा दुसऱ्या अपयशानंतर खचतो. हाताशी पदवीचं दुसरं वर्ष असेल तर तोच एसएसबीत जास्त मोकळेपणाने बोलतो.

घरात धाकटं भावंड दहावीत असेल तर त्याच्यासाठी वेगळी नोंद. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था राज्य शासन १९७७ पासून चालवते. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे एनडीएच्या तयारीसह जातात. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. प्रवेश परीक्षेचा अर्ज दहावीत असतानाच भरावा लागतो.